आठव्या महिन्यात पायांना सूज, कंबर धरलेली: मालिश करून घ्यावी का?

नमस्कार. पहिलटकरीण आहे, ३२ वा आठवडा चालू आहे. शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसातले पाच-सहा तास उभ्यानेच जातात. संध्याकाळी घोटे इतके सुजतात की चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो. सकाळी बरीच उतरलेली असते. कंबर आणि माकडहाडाचं दुखणं त्याहून वाईट. रात्री कूस बदलायची तरी नवऱ्याला उठवावं लागतं. पहाटे पोटरीत गोळे येतात ते वेगळेच.

सासूबाईंनी मालिशवाल्या मावशींना विचारून ठेवलंय. त्या म्हणतात, कोमट तिळाच्या तेलाने पोटऱ्या चांगल्या रगडल्या की दोन दिवसांत सूज उतरेल. आई फोनवर ठाम: पोटुशीला तेल लावत नाहीत, ते बाळंतपणानंतर. डॉक्टर म्हणाल्या, "नॉर्मल आहे, पाय वर घेऊन बसा." बाहेर पंधराजणी ताटकळत होत्या, मीही पुढे रेटलं नाही. कुणी आठव्या महिन्यात मालिश करून घेतली आहे का? जोर किती असावा?

वरणफळं: मालिशीचं नंतर बघू, बीपी आणि लघवी शेवटची कधी तपासली? माझ्या वेळी ३४ व्या आठवड्यात चेहरा आणि बोटं सुजली, अंगठी निघेना. घरचे म्हणाले, तेज आलंय! मग डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. बीपी १६०/१००, लघवीत प्रथिनं. त्याच दिवशी ॲडमिट. ती सूज तेलाने उतरणारी नव्हतीच.

हाडवैद्याची_सून: मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरणफळंताईंचं आधी ऐका.

बाकी, संध्याकाळी येऊन सकाळी उतरणारी दोन्ही पायांची सूज बहुतेक वेळा साधी असते. अंगात रक्त-पाणी वाढलेलं असतं आणि वाढलेलं गर्भाशय पायांकडून वर येणाऱ्या शिरांवर दाब देतं. उभं राहिलं की ते पाणी घोट्यांत साठतं. हलक्या हाताने बरं वाटतं, पण परिणाम काही तासांचाच. दोन दिवसांत सूज घालवण्याचं आश्वासन मी तरी देणार नाही.

पोटऱ्या रगडायच्या मात्र अजिबात नाहीत. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, पायातल्या शिरेत गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजला, पोटरी दुखून गरम किंवा लाल झाली तर हातही न लावता लगेच दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी हो म्हटलं तर असं करा: उताणं न झोपता डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. पावलापासून मांडीकडे, तळहाताने, लोणी पसरावं इतक्या हलक्या हाताने. कंबरेला मणक्यावर नाही, दोन्ही बाजूंना गोल गोल. तिथे थोडा दाब चालतो. पोटावर दाब नको, फुगलेल्या शिरांवरही नको. दहा-पंधरा मिनिटं पुरे. गोळा आला की चोळत बसू नका, गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे ओढा. आणि वर्गात खुर्ची मागा, लाजू नका.

खमंग_काकडी: एक राहिलं. तेलकट तळव्यांनी बाथरूममध्ये जाऊ नका. मी सातव्या महिन्यात घसरले होते, नळ धरला म्हणून वाचले.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. परवा तपासून आले. बीपी ११६/७४, लघवी स्वच्छ. हलकी मालिश चालेल म्हणाल्या. मावशींना "हलक्या हाताने, रगडायचं नाही" सांगितलं तर हसून म्हणाल्या, "एवढ्यासाठी मी कशाला, नवऱ्यालाच सांग की." तर तोच करतो, पाचव्या मिनिटाला डुलक्या घेत. पायांना फारसा फरक नाही, कंबर मात्र बरीच मोकळी वाटते. शाळेत खुर्ची मिळाली. डॉक्टरांनी घट्ट मोजेही लिहून दिलेत, त्यांचं माप संध्याकाळी घ्यायचं का?

हाडवैद्याची_सून: नाही, सकाळी सूज नसताना. घालायचेही सकाळीच, अंथरुणातून उतरायच्या आधी. रात्री काढून ठेवा.