टर्नरच्या चित्रातला शोक: विप्रलंभ की करुण?

प्रश्न: इंग्रज चित्रकार टर्नरच्या ‘लिबर स्टुडिओरम’ या मुद्राचित्रमालेवर (म्हणजे पत्र्यावरून छापलेल्या चित्रांची माला, १८०७–१८१९) टिपण लिहितोय. त्यात १८१२ साली निघालेलं ‘प्रोक्रिस आणि सेफॅलस’ आहे. गर्द रान, आणि मरणाऱ्या बायकोवर, प्रोक्रिसवर, ओणवा झालेला शिकारी सेफॅलस. रसशास्त्रातला शब्द घेऊन ‘विप्रलंभ शृंगाराचं (विरहातल्या प्रेमाचं) निसर्गचित्र’ म्हटलं तर चालेल? ‘शोकांत’ शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय.

– विप्रलंभ नको. त्यात ताटातूट असली तरी भेटीची आशा असते. ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथाचा कर्ता विश्वनाथ करुण-विप्रलंभ असा भेद मानतो खरा, पण तिथेही गेलेलं माणूस परत येणार असतं. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तली महाश्वेता त्याच भरवशावर तप करत बसते. प्रोक्रिस कुठली परत यायला? स्थायीभाव (रसाच्या मुळाशी असलेली भावना) शोक, म्हणजे सरळ करुण.

– मूळ गोष्टीत याहून मोठी गंमत आहे. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’च्या सातव्या भागात शिकारीने दमलेला सेफॅलस ‘ये गं औरा’ म्हणून आळवतो. लॅटिनमध्ये औरा म्हणजे झुळूक. (हल्ली माणसाभोवतीच्या वलयाला ‘ऑरा’ म्हणतात, तो हाच शब्द.) ऐकणाऱ्याला ते बाईचं नाव वाटतं आणि तो प्रोक्रिसचे कान भरतो. ती झुडपात लपते, पाला सळसळतो, जनावर समजून हा भाला फेकतो. भाला तिनेच दिलेला, कधीही नेम न चुकणारा! आपल्याकडे मंद वारा म्हणजे शृंगाराचा उद्दीपन विभाव (भाव चेतवणारी गोष्ट), चंद्र-कोकिळेच्या पंगतीतला. इथे त्याच्याच नावाने जीव गेला. म्हणून टिपणात रानाला नुसती ‘पार्श्वभूमी’ म्हणू नका.

– अहो, पण चित्रात झुळूक दिसते कुठे, आणि हाक ऐकू येते कुठे? गोष्ट ठाऊक नसेल त्याला झाडंच दिसणार. मी तर उजेडाकडे बघतो. मेझोटिंटमध्ये, म्हणजे या चित्राच्या छपाईच्या पद्धतीत, तांब्याचा पत्रा आधी सगळा खरबरीत करतात. तसाच छापला तर निव्वळ काळोख उमटतो. मग उजेड हवा तिथे तो खरवडून, घासून गुळगुळीत करायचा. झाडांमधली ती तिरीप अशी अंधार खरवडून काढलेली आहे. टिपणात हे आलं नाही तर रसचर्चा नुसती कोरडी होईल.

– प्रश्नकर्ता: ‘करुणरसाचं निसर्गचित्र’ ठरलं. दर वेळी ‘मुद्राचित्र’ म्हणायला हवं का?

– सुरुवातीला एकदा सांगा, पुढे चित्रच म्हणा. आणि कालिदासाच्या ‘रघुवंशा’चा आठवा सर्ग जोडीला घ्या. नारदाच्या वीणेवरची माळ तिथेही वाऱ्यानेच उडते, अज राजाची राणी इंदुमती हिच्या छातीवर पडते, ती मरते आणि अजविलाप सुरू होतो. करुणाचं ठरलेलं उदाहरण तेच.