अंकुशकृमीला तोंड लागत नाही
‘जेवणाआधी हात धुतले की जंतांचा विषय संपला, चपलांचं कौतुक कशाला’ असं कुणीतरी लिहिलंय. गोलकृमी या जंताची अंडी तोंडावाटे पोटात जातात, त्यामुळे त्याच्या बाबतीत हात धुण्याचा मुद्दा रास्त आहे. पण अंकुशकृमी (हूकवर्म) या आतड्यातल्या दुसऱ्या जंताचं काय? आर्थर लोस हा जर्मन संशोधक १८९०च्या दशकात इजिप्तमध्ये गिनीपिगांना अंकुशकृमीच्या अळ्या पाण्यातून पाजत होता. त्यातलं थोडं पाणी त्याच्याच हातावर सांडलं. कातडी लाल झाली, खाज सुटली. दुसऱ्या कुणी हात पुसून विषय सोडला असता. या पठ्ठ्यानं पुढे स्वतःची विष्ठा तपासली आणि तीत अंकुशकृमीची अंडी सापडली!

अळ्या कातडीतून रक्तात, तिथून फुप्फुसात, मग श्वासनलिकेतून वर घशाशी येतात. गिळल्या गेल्या की आतड्यात मुक्काम. दूषित मातीवर अनवाणी पाय पडला, की एवढं पुरतं त्यांना.