मेटॅलिक रंगावरचे ओरखडे : आपण कोणता उपाय निवडलात?

मेटॅलिक रंगाच्या गाडीवर लहानसा ओरखडा उमटला की तो रबिंगने, म्हणजे पेस्टने घासून, घालवावा, टच-अप करावा, म्हणजे तेवढ्याच जागी रंग भरावा, अख्खा दरवाजा रंगवून घ्यावा की तसाच राहू द्यावा, हा निर्णय बहुतेक वेळा गॅरेजवालाच आपल्या वतीने घेऊन टाकतो. तो आपला आपल्याला घेता यावा म्हणून हा धागा काढला आहे. ओरखडा किती खोल होता, कोणता उपाय केला, आणि आज तो भाग कसा दिसतो, एवढे प्रत्येकाने अवश्य लिहावे. सुरुवात मी करतो.

माझ्या चंदेरी गाडीच्या मागच्या दारावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुचाकीचे हँडल घासून वीतभर रेघ उमटली होती. ओले फडके फिरवल्यावर ती दिसेनाशी होई आणि पाणी सुकताच पुन्हा उमटे. नखही तिच्यात अडकत नव्हते. याचा अर्थ ओरखडा वरच्या पारदर्शक क्लिअरकोटपुरताच होता आणि ॲल्युमिनियमचा चुरा असलेला खालचा रंग शाबूत होता. क्लिअरकोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ असतो आणि रबिंग करताना तोच झिजतो. म्हणून मी मशीन लावू दिले नाही. मायक्रोफायबरच्या कापडावर थोडे कंपाउंड (रबिंगची पेस्ट) घेऊन तेवढ्याच जागी हाताने घासले. तिरप्या उन्हात अजून पुसटशी खूण दिसते, पण ती घालवण्याच्या नादात थर आणखी पातळ करणे मला पटत नाही.

*नाशिक, गडद राखाडी*

माझ्या ओरखड्यात नख अडकत होते आणि तळाशी रंगाखालचा पांढरट थर, म्हणजे प्रायमर, दिसत होता, त्यामुळे रबिंगचा प्रश्नच नव्हता. गाडीवरच्या पट्टीवरून रंगाचा कोड पाहून टच-अपची बाटली मागवली. समोरून रंग हुबेहूब जुळला, बाजूने मात्र तेवढीच रेघ काळपट दिसू लागली. ओळखीच्या पेंटरने कारण सांगितले : स्प्रेने मारलेल्या रंगात धातूचे कण बरेचसे सपाट बसतात, ब्रशने लावलेल्या रंगात ते वाटेल तसे पडतात, आणि त्यामुळे प्रकाश वेगळा परततो. त्याच्या सांगण्यावरून पुढच्या वेळी टूथपिकच्या टोकाने रंग फक्त खाचेत भरला, पातळ थर देत आणि प्रत्येक थर वाळू देत, आणि शेवटी वरून क्लिअर लावले. आता चार पावलांवरून काही कळत नाही.

*रत्नागिरी, निळी*

खाऱ्या हवेत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. बॉनेटवर दगड लागून पत्रा उघडा पडला असेल तर रंग जुळतो की नाही हा विचार नंतरचा. आमच्याकडे असा ठिपका पावसाळ्यात उघडा राहिला की गंज कडेच्या रंगाखाली सरकत जातो आणि रंग फुगून वर येतो. मी तो ठिपका बारीक पॉलिश पेपरने हलका घासला, आधी प्रायमर दिला, मग रंग आणि क्लिअर. दिसायला तो सुबक नाही, पण गंज नाही.

*ठाणे, शॅम्पेन*

एका गॅरेजने पुढचे दार पूर्ण रंगवून दिले. ट्यूबलाइटखाली ते ठीक वाटले, आणि उन्हात आणताच दार एका गाडीचे, फेंडर (चाकावरचा पत्रा) दुसऱ्या गाडीचे, असे दिसू लागले. मनस्ताप झालाच, शिवाय दुसरीकडे काम पुन्हा करावे लागले. तिथल्या पेंटरने आधी कार्डावर रंगाचा नमुना मारून उन्हात दाराशेजारी धरून दाखवला. मग बेसकोट, म्हणजे क्लिअरखालचा रंगाचा थर, दारावर पूर्ण मारून फेंडरच्या कडेवर विरळ करत नेला आणि दोन्ही भागांवर संपूर्ण क्लिअर दिले. यालाच ब्लेंडिंग म्हणतात. मेटॅलिकमध्ये ब्लेंडिंग न करता एकच पॅनेल रंगवायला जो तयार होतो, त्याला निदान हा नमुना तरी अवश्य मागावा.

*कोल्हापूर, चंदेरी*

विम्याबद्दल थोडेसे. क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यावर 20 टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, मिळतो आणि सलग पाच वर्षांनी तो 50 टक्क्यांवर जातो. एका क्लेमने तो शून्यावर येतो. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे 1000 रुपये आपल्याच खिशातून जातात. माझा बोनस 45 टक्क्यांवर असताना बंपरचा कोपरा खरचटला. बोनस गेल्याने वाढणारा हप्ता आणि रंगाचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहिल्यावर क्लेम करणे परवडणारे नव्हते. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे गंजाची घाई नाही; मागच्या फेंडरचे काम निघेल तेव्हा दोन्ही एकदमच रंगवून घेणार आहे, म्हणजे त्या बाजूचा रंगही एकसारखा येईल.