कतारच्या उन्हात स्टेडियम गार कशी ठेवली?

भुसावळकर: राम राम मंडळी. मी शाळेतल्या पोरींना फुटबॉल शिकवतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, सकाळी नऊनंतर मैदानात उभं राहवत नाही. पोरी विचारतात, २०२२ चा वर्ल्ड कप वाळवंटात झालाच कसा? नीट उत्तर द्यायचंय त्यांना.

तापीकाठ: सर, आधी तर तारखाच बदलल्या. जून-जुलै सोडून नोव्हेंबर-डिसेंबर धरला. शिवाय सीटखालच्या झरोक्यांतून आणि मैदानाच्या कडेने गार हवा सोडायचे. गार हवा जड, खालीच बसते. त्यामुळे वरचं छत उघडं असलं तरी माणसं असतात तेवढाच थर थंड ठेवता येतो. तीच हवा परत ओढून, गाळून, पुन्हा गार करून फिरवायची. माझ्या मते खरी अक्कल इथेच आहे.

यावलवाला: आठ स्टेडियमपैकी ‘९७४’ नावाच्या स्टेडियमला मात्र ही सोय नव्हती. मालवाहू कंटेनर रचून समुद्राजवळ बांधलेलं, वारा आरपार. तिथले सामने संध्याकाळी सात किंवा त्यानंतरचे.

तापीकाठ: आणि पोरींना नवी मुंबईचंही सांगा. १७ वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल ३० ऑक्टोबर २०२२ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं.

भुसावळकर: भाऊ, हे तर उद्याच सांगतो! त्यांच्याच वयाच्या पोरी, आपल्याच राज्यात. सराव मात्र आता पहाटे साडेपाचला घेणार, आणि दर वीस मिनिटांनी पाणी.