तृणभक्षी, सस्तनसदृश सरीसृप की आणखी काही? डायसिनोडॉन्टांसाठी मराठी शब्द

उदगीर, शिक्षिका :

आठवीच्या लेकरांनी विज्ञानाच्या भित्तिपत्रकासाठी विषय घेतलाय : सस्तन प्राण्यांचे नामशेष झालेले, झाडपाला खाणारे नातलग. लिस्ट्रोसॉरस आणि त्याच्यासारखे बाकीचे डायसिनोडॉन्ट वगैरे. माहिती जमली, चित्रंही झाली, अडलंय ते शब्दांवर. एका जुन्या पुस्तकात यांना 'सस्तनसदृश सरीसृप' म्हटलंय, दुसरीकडे 'तृणभक्षी आदिसस्तन', एका बातमीत तर सरळ 'डायनासोर'. शिवाय लिस्ट्रोसॉरस ही 'जाती' म्हणायची की 'प्रजाती', यावर वर्गात दोन तट पडलेत. भिंतीवर लावलेलं वर्षभर सगळी शाळा वाचणार, म्हणून शब्द चोख हवेत. जाणकारांनी सांगावं.

परभणी, पशुवैद्य :

मॅडम, 'तृणभक्षी' आधी खोडायला सांगा. आमच्या पुस्तकांत हा शब्द रुळलाय, कारण आमच्यापुढं येतात त्या गाई-म्हशी. त्यांना तो शोभतो. (शेळीला तोही पुरता लागू नाही, ती बाभळीचा पाला आधी ओरबाडते.) पण तृण म्हणजे गवत, आणि डायसिनोडॉन्ट जगले तेव्हा पृथ्वीवर गवत उगवलेलंच नव्हतं. फुलं येणारी झाडंसुद्धा नव्हती. नेचे, सायकस, सूचिपर्णी आणि ग्लॉसोप्टेरिससारखी झाडं, एवढाच चारा. लेकरांच्या चित्रात हिरवं कुरण असेल तर तेही बदला.

'शाकाहारी' चूक नाही, पण त्यात खाणाऱ्याची निवड डोकावते. माणूस शाकाहारी असतो. जनावराला 'वनस्पतिभक्षी' बरा, आणि लेकरांच्या तोंडी बसवायचं तर 'झाडपाला खाणारे' यासारखं सरळ दुसरं काही नाही.

छत्रपती संभाजीनगर, भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक :

डॉक्टरांचा मुद्दा पक्का आहे, आणि त्याचा एक मोठा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांत डायनासोरच्या शेणाचे जीवाश्म मिळतात. गवताच्या पेशींत सिलिकाचे विशिष्ट आकाराचे सूक्ष्म कण साठतात. ते कण या शेणात सापडले आणि २००५ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. डायनासोर गवत खात होते हे जगाला तेव्हा कळलं. पण ते थर क्रिटेशस काळाच्या अखेरचे, म्हणजे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे. डायसिनोडॉन्ट संपले ट्रायासिकच्या अखेरीला, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी. पुढं इतर देशांत गवताच्या जराशा जुन्या खुणा मिळाल्या, तरी त्याही क्रिटेशसमधल्याच आहेत. 'तृणभक्षी डायसिनोडॉन्ट' म्हणणं म्हणजे त्या जनावरापुढं कोट्यवधी वर्षांनी उगवणारा चारा टाकणं.

आता 'सस्तनसदृश सरीसृप'. हा शब्द एके काळी जगभर याच अर्थानं चालायचा, मराठीत तो तिथूनच आला. आज तो टाकला गेलाय, आणि त्यामागचं कारण लेकरांना सांगण्यासारखं आहे. जुना समज असा होता की आधी सरीसृप झाले, मग त्यांतल्या काहींचे हळूहळू सस्तन झाले. प्रत्यक्षात सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी, कार्बॉनिफेरस काळातच, दोन घराणी वेगळी झाली. एकातून साप, सरडे, कासवं, मगरी, डायनासोर आणि पक्षी आले. दुसरं घराणं सायनॅप्सिडांचं. त्यात डायसिनोडॉन्ट आले, सायनोडॉन्ट आले आणि आपणही. म्हणजे डायसिनोडॉन्ट सरीसृप कधीच नव्हते. डायनासोर तर नव्हतेच. त्या बातमीतला शब्द सोडून द्या.

सरीसृप म्हणजे सरपटणारा. तो अर्थ घेतला तरी जुळत नाही. यांचे पुढचे पाय बाजूला फाकलेले असले, तरी मागचे बऱ्याच अंशी अंगाखाली आलेले होते. पोलंडमध्ये सापडलेला लिसोविसिया हा ट्रायासिकच्या अखेरचा डायसिनोडॉन्ट हत्तीएवढा होता आणि त्याचे चारही पाय अंगाखाली सरळ होते.

उदगीर, शिक्षिका :

सर, मग 'आदिसस्तन' म्हणू का? किंवा 'सस्तनांचे पूर्वज'?

छत्रपती संभाजीनगर, भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक :

डायसिनोडॉन्टांना दोन्ही नको. 'पूर्वज' म्हटलं की आपली वंशावळ त्यांच्यातून गेली असं होतं. तशी ती गेली नाही. आपल्याकडं 'भावकी' हा नेमका शब्द आहे. मूळ पुरुष एक, पुढं वाटण्या झाल्या, घरं वेगळी झाली. त्यातलं एक घर वाढलं, गावभर पसरलं आणि पुढं निर्वंश झालं. डायसिनोडॉन्ट हे आपल्या भावकीतलं ते घर.

वर्गीकरण थोडक्यात असं. सायनॅप्सिडांतून थेरॅप्सिड आले. थेरॅप्सिडांच्या एका फांदीवर अॅनोमोडॉन्ट, आणि त्यांच्यात डायसिनोडॉन्ट. दुसऱ्या फांदीवर सायनोडॉन्ट, आणि सस्तन प्राणी त्यांच्यातून आले. सायनोडॉन्टांतही झाडपाला खाणारे होते : ट्रॅव्हर्सोडॉन्ट आणि ट्रायटायलोडॉन्ट. म्हणून तुमच्या विषयात 'झाडपाला खाणारे नातलग' हे एकच कूळ नाही. काही लांबचे आहेत, काही अगदी शेजारच्या घरातले. भित्तिपत्रकावर दोघांना एका चौकटीत कोंबू नका.

परभणी, पशुवैद्य :

नावातल्या दातांबद्दल थोडं. डायसिनोडॉन्ट म्हणजे 'दोन श्वदंत असलेला'. रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञानं १८४५ साली दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या कवट्यांवरून डायसिनोडॉन हे नाव दिलं. श्वदंत म्हणजेच आपला सुळा. मराठीत हत्तीच्या बाहेर आलेल्या दातालाही सुळाच म्हणतात, पण तो खरं तर वरचा पटाशीचा दात आहे. रानडुकराचा सुळा मात्र खरा सुळा. डायसिनोडॉन्टाचाही तसाच, जबड्यातल्या सुळ्याच्याच जागेवरून वाढलेला. म्हणून इथं 'सुळा' शब्द दोन्ही अर्थांनी बरोबर बसतो.

एक बारकावा असा, की सगळ्या डायसिनोडॉन्टांना सुळे नव्हते, आणि ज्यांना होते त्यांतही सगळ्यांचे सारखे नव्हते. काहींच्या सुळ्यांवर इनॅमलचा थर होता. काहींचे नुसत्या दंतिनाचे, म्हणजे इनॅमलच्या आतल्या दाताच्या भागाचे, आणि आयुष्यभर वाढत राहणारे होते, हत्तीच्या दातासारखे. बाकीचे दात बऱ्याच जणांत झडून गेले आणि त्यांच्या जागी कासवासारखी शिंगमय चोच आली. खालचा जबडा मिटताना मागं ओढला जाई, आणि पाला चोचीच्या कडेवर कापला जाई. 'रवंथ' हा शब्द मात्र यांच्यासाठी वापरू नका. रवंथ म्हणजे पोटातलं परत तोंडात आणणं. यांनी तसं केल्याचा पुरावा नाही.

लातूर, विज्ञानलेखिका :

सायनॅप्सिडला मराठी शब्द करावा असं मला फार वाटतं. यांच्या कवटीत डोळ्याच्या खोबणीमागं दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. डायनासोर-सरड्यांच्या घराण्यात मुळात दोन-दोन. मग 'एकरंध्री' कसा वाटतो?

छत्रपती संभाजीनगर, भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक :

ताई, शब्द छोटा आणि गोड आहे, पण त्यात खड्डा आहे. प्लॅटिपसचा गट, मोनोट्रीम, त्याचा ग्रीक अर्थच 'एक छिद्र असलेले'. तिथं ते छिद्र शेपटीखालचं, मलमूत्र आणि अंडी यांची वाट एकच म्हणून. 'एकरंध्री' म्हटलं की वाचक तिकडे जाणार. त्यातून सायनॅप्सिडचा शब्दार्थ छिद्राचा नाही, जोडलेल्या कमानीचा आहे. माझं मत : नाव 'सायनॅप्सिड'च ठेवावं आणि पुढच्या वाक्यात 'कानशिलाला एक खिडकी असलेले' असं सांगावं. लेकरांना कानशिलावर बोट ठेवून दात आवळायला सांगा. बोटाखाली स्नायू फुगतो. तो त्या खिडकीच्या जागेतून खाली जबड्याला जातो. आपली कवटी बदलली तरी ती जागा गालाच्या हाडाच्या कमानीआड अजून आहे. एवढं एकदा हाताला कळलं की शब्द परका राहत नाही.

लातूर, विज्ञानलेखिका :

पटलं. उच्चाराचा प्रश्न राहतो. डायसिनोडॉन्ट आणि सायनोडॉन्ट, दोन्हींत मूळ शब्द एकच, 'कुत्रा'. मग एकात 'सि' आणि दुसऱ्यात 'साय' का? 'डायसायनोडॉन्ट' लिहिलं तर मूळ दिसेल.

छत्रपती संभाजीनगर, भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक :

मूळ दिसेल, पण डायसायनोडॉन्ट हे सायनोडॉन्टांतलेच एक, असं वाटेल. हे दोन गट वेगळ्या फांद्यांवरचे आहेत. बोलतात तसं लिहावं, 'डायसिनोडॉन्ट' आणि 'सायनोडॉन्ट'. यात मूळ जरा झाकलं जातं, ते मला चालतं.

'जाती-प्रजाती'चं राहिलं. मराठी जीवशास्त्रात 'जाती' म्हणजे सगळ्यात खालची पायरी, ज्यातले नर-मादी आपसांत वीण करतात. त्यावरच्या पायरीला जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांनी 'प्रजाती' म्हटलं, काहींनी 'वंश'. हिंदीत मात्र खालच्या पायरीला 'प्रजाति' म्हणतात. वर्तमानपत्रांतून ती इकडं आली आणि गोंधळ झाला. आता 'प्रजाती' शब्द दोन्ही अर्थांनी डागाळलाय. म्हणून मी 'वंश' आणि 'जाती' ही जोडी वापरतो. लिस्ट्रोसॉरस हा डायसिनोडॉन्टांतला एक वंश. त्यात अनेक जाती. त्यांतली लिस्ट्रोसॉरस मरेयी ही दक्षिण आफ्रिका, भारत आणि अंटार्क्टिका, तिन्हीकडे सापडते. तिथून पुढं लेकरांना खंडं एकत्र असल्याची गोष्ट सांगता येईल. हा वंश पर्मियनच्या अखेरचा, २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा महासंहार पार करून पुढं टिकला. भारतात तो दामोदर खोऱ्यात राणीगंजजवळच्या पंचेत थरांत मिळतो. हक्सले या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं तिथल्या जीवाश्मांचं वर्णन १८६५ सालीच केलं होतं.

किनवट, वाचक :

सर, राणीगंज लई लांब राहिलं. आमच्या हद्दीला लागून आदिलाबाद हाय. तिकडं मालेरीला हाडं सापडतेत असं ऐकलंय. ती याच जनावरांची का? आन् मग आपल्या मराठवाड्यात कामून सापडत नाहीत?

छत्रपती संभाजीनगर, भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक :

दादा, बरोबर ऐकलंत. पैठण-नांदेडवरून जाणारी आपली गोदावरी पुढं तेलंगणात जाते, तिथं प्राणहिता तिला मिळते. त्या खोऱ्यातले गाळाचे थर या जनावरांचं भांडार आहेत. कुंदारामला पर्मियन काळातला एंडोथिओडॉन, येर्रापल्लीला ट्रायासिकमधला वाडियासॉरस, मालेरीला एक्झेरेटोडॉन. पहिले दोन डायसिनोडॉन्ट. तिसरा ट्रॅव्हर्सोडॉन्ट, म्हणजे आपल्याला जास्त जवळचा. वाडियासॉरसचे अनेक सांगाडे एकाच जागी मिळाले, त्यावरून ते कळपानं राहत असावेत असं मानतात.

नावांकडेही बघा. वाडियासॉरस हे भूवैज्ञानिक दा. नौ. वाडियांवरून. एंडोथिओडॉनच्या तिथल्या जातीचं नाव महालनोबिसी, आणि एक्झेरेटोडॉनच्या जातीचं स्टॅटिस्टिकी. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं हे उत्खनन केलं आणि ती संस्था महालनोबिसांनी उभी केली, म्हणून. सांख्यिकीचं नाव एका नामशेष जनावराला लागलंय, हे लेकरांना आवडेल.

मराठवाड्यात का नाही? आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थंड झाला तेव्हा डायसिनोडॉन्ट जाऊन तेरा कोटी वर्षं लोटली होती. 'मग बेसॉल्टखाली असतील' असं पुष्कळ जण म्हणतात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं. सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळ आणि मग थेट जुनाट स्फटिकी खडक. गोदावरीच्या खालच्या खोऱ्यातले ते जाड थर निदान किल्लारीखाली तरी नाहीत. आणि तुमच्या किनवटकडं जिथं बेसॉल्ट संपतो, तिथं वर येतो तो ग्रॅनाइट-नाइस. त्यात हाडं मिळायचीच नाहीत.

परभणी, पशुवैद्य :

एक शंका मलाही आहे. 'सस्तन' म्हणजे स्तन असलेला. स्तनाचा तर जीवाश्म होत नाही. मग ट्रायटायलोडॉन्ट सस्तन नाहीत, हे ठरवलं कशावरून?

छत्रपती संभाजीनगर, भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक :

जबड्याच्या सांध्यावरून. १८८४ साली ओवेननं ट्रायटायलोडॉनचं वर्णन केलं ते सस्तन म्हणूनच, कारण दाढा फसव्या होत्या. वरच्या दाढेवर उंचवट्यांच्या तीन ओळी, खालच्या दाढेवर दोन, एकमेकींत बसणाऱ्या. पण पुढं जबड्याचा सांधा तपासला तेव्हा तो जुन्या घडणीचा निघाला. सस्तनांत खालचा जबडा एकाच हाडाचा असतो, आणि जुन्या सांध्यातली दोन हाडं बारीक होऊन मधल्या कानात गेलेली असतात. हातोडी आणि ऐरण ती हीच. ट्रायटायलोडॉन्टांत ती अजून जबड्यातच काम करत होती.

'सस्तन' शब्द जिवंत प्राण्यांसाठी घडवला गेला. दगडातल्या प्राण्याला तो लावताना आपण हाडाची खूण घेतो. शिवाय २०१८ साली अॅरिझोनातल्या कायेंटाथेरियम या ट्रायटायलोडॉन्टाच्या एका मादीसोबत ३८ पिल्लं सापडल्याचं प्रसिद्ध झालं.

परभणी, पशुवैद्य :

एका वेताला ३८! डुकरीणही तिथवर जात नाही. एवढ्या पिल्लांना दूध पाजून वाढवणं अवघड. या बाबतीत ते अजून जुन्याच वळणाचे होते म्हणायचे.

उदगीर, शिक्षिका :

सर्वांचे आभार. लेकरांनी मथळा असा केलाय : 'आपल्या भावकीतले झाडपाला खाणारे : डायसिनोडॉन्ट आणि ट्रायटायलोडॉन्ट'. दोघांच्या चौकटी वेगळ्या. मागं कुरण होतं तिथं आता नेचे आणि ग्लॉसोप्टेरिस काढतायत. एका पोरीनं विचारलं, 'विलुप्त' लिहू का 'नामशेष'?

लातूर, विज्ञानलेखिका :

'नामशेष' लिहू द्या. 'विलुप्त' हिंदीच्या वाटेनं आलाय, आणि आपला शब्द जास्त खरा आहे.