मदत हवी आहे: एनएडी घटतं म्हणून म्हातारपण येतं, की म्हातारपणामुळे एनएडी घटतं?

नमस्कार मंडळी,

बाबांनी (वय ७१) कुठलासा व्हिडिओ बघून एनएमएनच्या गोळ्या सुरू केल्यात, रोज २५० मिलिग्रॅम. एनएमएन म्हणजे ज्यापासून शरीर एनएडी बनवतं तो कच्चा माल, आणि एनएडी म्हणजे प्रत्येक पेशीला लागणारा एक छोटा रेणू. बाटलीवर बॉलपेनने सुरू केल्याची तारीख घातलीय, झाकणावर 'सकाळी' असं लिहिलंय. दोन जिने आता एका दमात चढतो म्हणतात.

मी हिशेबनीस. जीवशास्त्र बारावीतच सुटलं. आठवडाभर वाचून जे कळलं ते माझ्या भाषेत मांडतो, चुकलं तर कान धरा.

पेशी साखर जाळते तेव्हा एनएडी इलेक्ट्रॉन उचलतं, मायटोकॉन्ड्रियात नेऊन टाकतं आणि रिकाम्या हाती परत येतं. यात ते संपत नाही, म्हणजे हे खेळतं भांडवल. पण डीएनए दुरुस्त करणारी पार्प एन्झाइम्स, सर्ट्युइन्स आणि सीडी३८ ही आणखी काही एन्झाइम्स त्याचे चक्क तुकडे करतात. हा निव्वळ खर्च. उरलेल्या तुकड्यापासून, म्हणजे निकोटिनामाइडपासून, पेशी पुन्हा एनएडी बनवते, बरंचसं असंच भागतं.

इथेच माझं घोडं अडलंय. उंदरांमध्ये वयाबरोबर सीडी३८ वाढतं आणि एनएडी संपवतं, असं २०१६ मध्ये दिसलं. म्हणजे तूट जमा कमी झाल्याने नाही, खर्च वाढल्याने आली. मग वरून एनएमएन ओतून काय होणार? घागरीला भोक आहे आणि आपण नळ मोठा करतोय, असं नाही का हे?

पेलाग्रा या आजाराचं पटतं. आहारात नायसिन (ब३ जीवनसत्त्व) नाही, म्हणून एनएडी नाही, म्हणून त्वचा सोलवटते, जुलाब होतात, बुद्धी भ्रमते. नायसिन दिलं की माणूस सुधारतो. पण म्हातारपण इतकं सरळ असेल असं वाटत नाही.

माणसांवरचा २०२१ चा एक प्रयोग वाचला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, पाळी गेलेल्या २५ स्त्रिया, काहींना १० आठवडे बाबांच्याच मात्रेत एनएमएन, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. एनएमएनवाल्यांचे स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागले, पण रक्तातली साखर आणि रक्तदाब होते तिथेच. बाबांना हे वाचून दाखवलं तर त्यांनी फक्त पहिलं अर्धं ऐकलं.

खरी काळजी वेगळीच आहे. नऊ वर्षांपूर्वी बाबांची कॅन्सरची गाठ काढलीय. कॅन्सरच्या पेशींनाही एनएडी लागतंच. ते बनवणाऱ्या नॅम्प्ट एन्झाइमला अडवणारी औषधं कॅन्सरवर आजमावली गेली आहेत, असंही वाचलं. मग उलट एनएडी वाढवणं अशा माणसाला कितपत योग्य? गोळ्या तूर्त थांबवा म्हटलं तर बाबा चिडतात.

कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळालीय, आणि बाबा सोबत असतील तेव्हा बोलायला जेमतेम दहा मिनिटं. या क्षेत्रातलं कुणी असेल तर सांगा, त्यांना नेमकं काय विचारू?