दान आणि घरातल्या सवयी: खरा फरक नेमका कशाने पडतो?

काठावरचा

उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, सध्या २ टक्के, दरमहा दान करायचं ठरवलंय. सोबत घरातला वीजवापर आणि कचराही कमी करायचाय. अडचण अशी, की सल्ले भरपूर मिळतात आणि सगळे एकाच वजनाचे असतात. चार्जर काढून ठेवा, कापडी पिशवी वापरा, झाडं लावा, जुने कपडे द्या. यातल्या कशाने खरंच फरक पडतो आणि कशाने नुसतं बरं वाटतं? दान पाच-सहा संस्थांत वाटावं की एकीलाच द्यावं? आणि प्रशासकीय खर्च किती टक्क्यांच्या आत असला की संस्था चांगली समजायची?

खतावणी

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यांवरून संस्था निवडू नका. हिशेबनीस, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, कामाची तपासणी हे सगळं त्याच रकान्यात पडतं. तो रकाना जवळजवळ रिकामा दिसला, तर बहुतेकदा पगार प्रकल्पाच्या नावावर टाकलेले असतात, नाहीतर काम झालं का हे बघायला कुणीच नसतं. २०१३ साली अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, म्हणजे संस्थांची पारख करणाऱ्याच तिघींनी, देणगीदारांना जाहीर पत्र लिहून हेच सांगितलं होतं.

त्यापेक्षा लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल शेजारी-शेजारी ठेवून वाचा. 'इतक्या हजार वह्या वाटल्या' ही खर्चाची नोंद झाली, परिणामाची नाही. समजा संस्था वाचनवर्ग चालवते. मग वाचता येणारी मुलं आधी किती, नंतर किती, आणि वर्गाला न आलेल्या मुलांत त्याच काळात किती, हे तिन्ही आकडे हवेत. तिसरा आकडा नसेल तर मुलं एरवीही जे शिकली असती तेही संस्थेच्या खात्यावर जमा होतं. लहान संस्थेला तिसरा आकडा परवडत नाही हे मान्य, पण निदान तिने केलेल्या कामाच्या प्रकाराचा पुरावा दुसरीकडे असावा. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांचा असा पुरावा आहे: वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात मच्छरदाणी नसलेल्यांच्या तुलनेत बालमृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी कमी दिसले.

संस्था एक किंवा फार तर दोन ठेवा. प्रत्येक देणगीमागे पावती, नोंद, पत्रव्यवहार येतो आणि छोट्या रकमेचा बराच भाग त्यातच जातो. रक्कम दरमहा खात्यातून आपोआप जाऊ द्या आणि तिला अट घालू नका. 'फक्त पुस्तकांसाठी' म्हटलं की कपाट भरतं, पण ग्रंथपालाचा पगार आणि जागेचं भाडं त्यातून देता येत नाही. वर्षाला एकदा अहवाल वाचून पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवा. दर महिन्याला मन बदललं तर संस्थेला त्या पैशावर माणूस नेमता येत नाही.

आपत्तीत वस्तू पाठवू नका, पैसे पाठवा. १९९८ मध्ये मिच वादळानंतर होंडुरासमध्ये विमानतळावर कपड्यांचे गठ्ठे असे साचले की मदतीचं सामान आणणाऱ्या विमानाला उतरायला जागा उरली नाही. एरवी कपडे द्यायचे तर धुतलेले, वाळलेले, बटणं-चेन शाबूत असलेले, आणि आधी फोन करून विचारून. एक ओलसर कपडा पूर्ण पोत्याला बुरशी लावतो, आणि निरुपयोगी माल फेकण्याचा खर्च संस्थेच्या माथी बसतो.

मोजपट्टी

चार्जरचं गणित करून टाकू. फोनची बॅटरी साधारण १५ ते १९ वॅट-तासांची. चार्जिंगमधली तूट धरून रोजचे २० ते २५ वॅट-तास, म्हणजे वर्षाला ७ ते ९ युनिट. आता पाणी: १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॅट-तास लागतात. ५० लिटर पाणी ३० अंशांनी तापवलं की १.७ युनिट गेले. पाच वेळा टाकी तापवली की फोनचं अख्खं वर्ष संपलं! त्यामुळे क्रम असा: आधी पाणी तापवणं आणि खोली गार किंवा गरम करणं, मग फ्रिज, मग दिवे. चार्जर सगळ्यात शेवटी.

शॉवरमधून मिनिटाला किती लिटर येतं ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. १२ लिटरवरून ८ वर आणलं तर तेवढ्याच वेळेच्या अंघोळीला एक तृतीयांश ऊर्जा वाचते.

फ्रिजसाठी दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज सरकला तर रबर सैल आहे. सगळ्या बाजूंनी बघा, बहुधा खालचा कोपरा सुटलेला असतो. आतलं तापमान ४ अंश, फ्रीझरचं उणे १८. त्याहून थंड ठेवून फायदा नाही. आणि नवा काटकसरी फ्रिज घेऊन जुना 'जादाचा' म्हणून चालूच ठेवला तर एकूण वापर वाढतो. हे सर्रास होतं.

कापडी पिशवीबद्दल: डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात सुती पिशवी पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला, फक्त हवामानबदल मोजला तर, सुमारे ५२ वेळा वापरावी लागते, सगळे निकष धरले तर हजारो वेळा. (त्यात उघड्यावर पडलेल्या प्लास्टिकचा त्रास मोजलेला नाही, हे लक्षात असू द्या.) तेव्हा आहे ती पिशवी फाटेपर्यंत वापरा, दर समारंभातून नवी आणू नका.

बारीकराव

वरच्या प्रतिसादात एक भर. पाणी तापवण्यात बचत म्हणून साठवणीच्या गीझरचं तापमान ४५ अंशांवर आणून ठेवू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हे न्यूमोनिया घडवणारे जिवाणू वाढतात. टाकी ६० अंशांवर ठेवा, बचत वेळेत करा: लागण्याआधी चालू, मग बंद. पाणी जड असेल तर हीटरवर क्षारांचा थर चढतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि हीटर जळतो. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली अॅनोड कांडीही तो थर काढून घेताना तपासून घ्या.

काठावरचा

पैसे आणि पाणी दोन्ही कळलं. एसीचं काय? आणि झाडं लावणाऱ्या संस्थेला द्यावं का? ओल्या कचऱ्याचं खत दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा वास.

मोजपट्टी

एसीत विजेइतकंच गॅसकडे बघा. आर-४१०ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट तापवतो, आर-३२ सुमारे ६७५ पट. म्हणजे १ किलो आर-४१०ए हवेत सोडला की २ टन कार्बन डायऑक्साइडएवढी भर. गॅस 'वापरून संपत' नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. आधी गळती शोधून बुजवायला सांगा, मगच भरा. जुनं यंत्र काढताना गॅस सिलिंडरमध्ये परत घेतला का, हे समोर उभं राहून बघा.

पालापाचोळा

वास कुठला ते सांगा. अमोनियासारखा झोंबरा असेल तर ओलं जास्त, कोरडं कमी. सडक्या अंड्यासारखा असेल तर हवा जात नाहीये. दोन्हीला औषध जवळपास एकच: आकारमानाने एक भाग ओलं तर दोन भाग सुका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा, आणि आठवड्यातून एकदा खालवर. मूठभर घेऊन दाबल्यावर एखाददुसरा थेंब यावा, धार नको. डब्याला तळाशी आणि बाजूंना भोकं हवीतच. बंद डब्यात हवेशिवाय सडलं तर मिथेन होतो, मग कष्टाचा उपयोग काय!

झाडांच्या संस्थेला रोपांचा आकडा विचारू नका. तिसऱ्या वर्षी किती टक्के जगली, पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालतं, मेलेल्यांच्या जागी नवी कुणाच्या खर्चाने, हे विचारा. जात स्थानिक आहे का आणि जागा मुळात जंगलाची होती का, हेही. नैसर्गिक गवताळ रानात झाडं लावणाऱ्यांना पैसे देऊ नका. तिथला कार्बन मातीत असतो आणि खड्डे खणल्यावर तोच उघडा पडतो. उत्तर टाळलं तर दुसरी संस्था बघा.